मिरीचा एक दाणा : लंडनच्या फ्लॅटची लीज वाढवण्यामागचा इतिहास

नेहमीप्रमाणे हे आपल्या भागाचं शब्दांकन आहे, त्यामुळे बोलण्याच्या ओघातले काही शब्द तसेच राहू दिलेत.

आजचा विषय लंडनकर मराठी मंडळींच्या खिशाशी थेट निगडित आहे. पुण्या-मुंबईत बसून ऐकणाऱ्यांना मात्र तो सुरुवातीला चक्रावून टाकेल. इंग्लंड आणि वेल्समध्ये तुम्ही फ्लॅट विकत घेता, पूर्ण किंमत मोजता, पंचवीस वर्षं बँकेचे हप्ते फेडता, आणि एवढं करूनही कायद्याच्या लेखी तुम्ही भाडेकरूच असता. लांब मुदतीचे, पण भाडेकरू. करारावर ९९ किंवा १२५ वर्षं असा आकडा असतो आणि तो दरवर्षी एकाने कमी होतो. शून्यावर आला की घराची मालकी जमीनमालकाकडे परत. तुम्ही बसवलेल्या ओट्यासकट, खिडक्यांसकट. काही अटींवर पुढेही राहता येतं, पण मग बाजारभावाने भाडं भरून.

याला म्हणतात लीजहोल्ड. एकट्या इंग्लंडमध्ये अशी पन्नास लाखांच्या आसपास घरं आहेत. आणि हा घटत जाणारा आकडा परत वाढवून घेणं, म्हणजे 'लीज एक्स्टेन्शन', हा तिथल्या मध्यमवर्गाच्या आयुष्यातला एक मोठा खर्च असतो. आज आपण बघणार आहोत की हा प्रकार आला कुठून, आणि मुदत वाढवून मागण्याचा हक्क फ्लॅटवाल्यांना मिळायला १९९३ साल का उजाडावं लागलं.

गुरंढोरं आणि भाडेपट्टे

सुरुवात करू १०६६पासून. नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि एक तत्त्व लागू केलं : सगळी जमीन राजाची. सरदारांनी ती राजाकडून धरायची, त्यांच्या हाताखालच्यांनी सरदारांकडून. आपल्याकडच्या वतनांशी आणि जहागिरींशी याचं थोडं साम्य वाटेल.

या उतरंडीत मुदतीचा भाडेपट्टा कुठे बसत होता? तर कुठेच नाही. जुन्या इंग्रजी कायद्यात ठरावीक वर्षांचा पट्टा ही स्थावर मालमत्ता मानलीच जात नसे. तो 'चॅटल'च्या खात्यात जाई. हा 'चॅटल' आणि गुरांसाठीचा 'कॅटल', दोन्ही शब्द एकाच मुळातले. म्हणजे पट्टा हा गायीगुरं, भांडीकुंडी यांच्या रांगेत. एखाद्या पट्टेदाराला कोणी हुसकावून लावलं तर त्याला नुकसानभरपाई मिळे, पण जमीन परत मिळवण्याचा हक्क पक्का व्हायला पंधराव्या शतकाची अखेर यावी लागली. लीजहोल्डर हा दुय्यम, ही भावना इतकी जुनी आहे.

बारा वर्षांची नवरी आणि पाचशे एकर

आता येऊ सतराव्या शतकातल्या लंडनला. १६७७ साली चेशरमधल्या सर थॉमस ग्रोव्हनर यांचं मेरी डेव्हिस नावाच्या मुलीशी लग्न झालं. मुलगी बारा वर्षांची होती. तिच्यासोबत ग्रोव्हनर घराण्यात आली लंडनच्या पश्चिमेची सुमारे ५०० एकर जमीन. तेव्हा तिथे दलदल होती, कुरणं होती, भाजीचे मळे होते. आज तिथे मेफेअर, बेलग्रेव्हिया आणि पिम्लिको आहे. ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर ही पदवी पुढे याच घराण्याला मिळाली.

अशा घराण्यांपुढे एक अडचण असायची. कौटुंबिक व्यवस्थापत्रांनी जमीन पुढच्या पिढ्यांसाठी बांधून ठेवलेली असे, ती विकता यायची नाही. शिवाय विकायची इच्छाही नसे. पण शहर तर दारापर्यंत आलेलं. मग तोडगा निघाला तो बांधकामाच्या पट्ट्याचा. जमीनमालक रस्ते आणि चौक आखून देणार. बिल्डर स्वतःच्या पैशाने घरं बांधणार आणि पट्टा विकून नफा कमावणार. मालक दरवर्षी थोडंसं भुईभाडं घेणार, ज्याला तिथे ग्राउंड रेंट म्हणतात. आणि मुदत संपली की जमीन आणि तिच्यावर उभी राहिलेली घरं, दोन्ही मालकाच्या पदरात.

मालकाने एक वीटही न लावता नातवाच्या काळात अख्खा मोहल्ला परत मिळायचा! १८२०च्या दशकात थॉमस क्युबिट या बांधकाम व्यावसायिकाने बेलग्रेव्हिया उभारला तो याच पद्धतीने.

आणि हा ९९चा आकडा? तो कुठल्या कायद्याने ठरवून दिलेला नाही. सतराव्या शतकात लंडनमध्ये ४२, ६१ वर्षं अशा मुदती दिसतात. घरं मोठी आणि खर्चिक होत गेली तशी बिल्डरांना जास्त मुदत हवी झाली, आणि अठराव्या शतकात ९९ रूढ झाला.

खाणकामगारांची घरं

ही गोष्ट फक्त उमरावांच्या वस्तीपुरती राहिली असती तर तिचं राजकारण झालं नसतं. पण एकोणिसाव्या शतकात दक्षिण वेल्सच्या कोळसाखोऱ्यांत हीच पद्धत पोचली. दऱ्यांमध्ये सपाट जमीन थोडी, आणि ती मोजक्या मालकांची. कामगारांनी पै-पै जमवून, बिल्डिंग क्लब काढून ९९ वर्षांच्या पट्ट्यावर घरं बांधली. १८५०-६०च्या पट्ट्यांची मुदत कधी संपणार, याचा हिशोब तुम्हीच करा. १९५०च्या दशकात तिथली म्हातारी माणसं, ज्यांच्या आजोबांनी ते घर बांधलं होतं, ती आपल्याच घरात परक्यासारखी झाली. १९५४च्या कायद्याने त्यांना राहायची मुभा दिली खरी, पण भाडेकरू म्हणून.

त्याआधी लॉइड जॉर्ज यांनी हा प्रश्न गाजवला होताच. ते स्वतः वेल्समध्ये वाढलेले. १९०९ साली अर्थमंत्री असताना पूर्व लंडनमधल्या लाइमहाउसला त्यांनी केलेलं भाषण प्रसिद्ध आहे. त्यात त्यांनी गॉरिंज नावाच्या दुकानदाराचं उदाहरण दिलं. वर्षाला काहीशे पाउंड भुईभाडं भरणाऱ्या या माणसाने मोठा धंदा उभा केला. पट्ट्याची मुदत संपत आल्यावर, लॉइड जॉर्ज यांच्या सांगण्यानुसार, ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरकडून त्याला वर्षाला ४,००० पाउंड भाडं आणि वर ५०,००० पाउंड रोख अशी अट घातली गेली. धंद्याची भरभराट कोणाच्या कष्टाने आणि तिचा मोबदला कोणाला, असा त्यांचा सवाल होता.

विटा कोणाच्या, माती कोणाची

कायदा बदलायला मात्र १९६७ उजाडलं. हॅरल्ड विल्सन यांचं मजूर पक्षाचं सरकार होतं. त्यांनी मांडलेलं तत्त्व सोपं होतं : जमीन मालकाची, पण तिच्यावरच्या विटा आणि चुना न्यायाने राहणाऱ्याच्या. 'लीजहोल्ड रिफॉर्म ॲक्ट'ने लांब पट्ट्यावर राहणाऱ्यांना घराची जमीन विकत घ्यायचा, किंवा मुदत ५० वर्षांनी वाढवून मागायचा हक्क दिला. सुरुवातीला किंमत धरायची ती जमिनीची, घराची नाही.

आपल्या ऐकणाऱ्यांना इथे 'कसेल त्याची जमीन' आठवेल. मुंबई राज्याचा कूळकायदा १९४८चा. संदर्भ वेगळे, एकीकडे शेतजमीन आणि दुसरीकडे शहरी घर. पण ज्याचे कष्ट त्याचा हक्क, हा युक्तिवाद एकाच घराण्यातला वाटतो.

मालकांनी तो मानला का? नाही. ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरच्या इस्टेटीचे विश्वस्त थेट स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. बेलग्रेव्हियातली सुमारे ८० घरं या कायद्यामुळे हातची गेली आणि हा मालमत्तेच्या हक्काचा भंग आहे, असं त्यांचं म्हणणं. १९८६ साली न्यायालयाने निकाल दिला : सामाजिक अन्याय दूर करण्यासाठी संसद असा कायदा करू शकते, मग मालमत्ता एका खाजगी हातातून दुसऱ्या खाजगी हातात का जाईना. विश्वस्त हरले.

आता लक्ष द्या. १९६७चा कायदा फक्त स्वतंत्र घरांना लागू होता. फ्लॅट त्यातून वगळले होते.

का? याला एक तांत्रिक कारण आहे आणि सगळ्या प्रकरणाची किल्ली त्यातच आहे. समजा, चार मजली इमारतीत चौघांनी चार फ्लॅट पूर्ण मालकीने घेतले. वरच्याने छत दुरुस्त ठेवायचं कबूल केलं. त्याने फ्लॅट विकला. नवा मालक त्या कबुलीला बांधील आहे का? इंग्रजी कायदा म्हणतो, नाही. 'अमुक करू नका' ही अट जमिनीसोबत पुढच्या मालकाकडे जाऊ शकते. पण 'अमुक करा, त्यासाठी पैसे द्या' ही अट जात नाही. ती पुढे जाते फक्त भाडेपट्ट्यातून. म्हणून छत, जिना, पाइप यांची देखभाल होत राहावी यासाठी फ्लॅट लीजवरच विकायचे, असा शिरस्ता पडला. बँकाही मालकीच्या फ्लॅटवर कर्ज द्यायला कचरू लागल्या.

बाकी जगाने यावर वेगळे उपाय शोधले. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने १९६१ साली स्ट्रॅटा पद्धत आणली : फ्लॅट तुमचा, सामाइक भाग सगळ्यांच्या मंडळाचा. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये तर फ्लॅट पूर्वापार मालकीनेच विकले जातात. इंग्लंडने 'कॉमनहोल्ड' नावाने अशी पद्धत २००२च्या कायद्यात आणली खरी, पण पुढच्या दोन दशकांत तिचे वीसही प्रकल्प उभे राहिले नाहीत.

मिरीचा दाणा

फ्लॅटवाल्यांचा दिवस उगवला १९९३ साली, आणि तोही हुजूर पक्षाच्या सरकारात. जॉन मेजर पंतप्रधान होते. घरमालकांचा पक्ष म्हणवायचं आणि लाखो फ्लॅटवाल्यांना मालकी नाकारायची, हे जमणारं नव्हतं. नव्या कायद्याने फ्लॅटधारकांना दोन हक्क दिले : सगळ्यांनी मिळून इमारतीची मालकी विकत घ्यायची, किंवा एकट्याने आपल्या लीजमध्ये ९० वर्षांची भर घालून घ्यायची. ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर इतके चिडले की त्यांनी हुजूर पक्ष सोडला.

या ९० वर्षांसोबत एक गोड कलम आहे. मुदत वाढली की भुईभाडं उरतं 'एक पेपरकॉर्न'. मिरीचा एक दाणा! इंग्रजी कायद्यात करार पक्का व्हायचा तर काहीतरी मोबदला लागतो, म्हणून नावापुरता मिरीचा दाणा. कोणी मागत नाही, कोणी देत नाही. पण मजा बघा, मध्ययुगात हीच मिरी मलबारच्या किनाऱ्यावरून, समुद्र आणि वाळवंट ओलांडून युरोपात पोचायची आणि तिथे ती चैनीची वस्तू होती. आज तिचा अर्थ 'शून्य' असा झालाय.

दाणा फुकट असला तरी ९० वर्षं फुकट मिळत नाहीत. ती किंमत कशी ठरते ते सांगतो, कारण खरा जीव इथे अडकतो.

पुढचे आकडे मी समजण्यापुरते घेतलेत. समजा, फ्लॅटची किंमत ३ लाख पाउंड आणि भुईभाडं वर्षाला १०० पाउंड. ८१ वर्षं उरली आहेत. मालकाचं नुकसान काय? ८१ वर्षांनी मिळणारा फ्लॅट त्याला आता आणखी ९० वर्षं उशिरा मिळणार. भविष्यातल्या ३ लाखांची आजची किंमत काढायला फ्लॅटसाठी साधारण ५ टक्के दर धरतात. २००६ साली लँड्स ट्रायब्युनलने एका गाजलेल्या प्रकरणात तो ठरवला. या दराने ती किंमत येते सुमारे ५,८०० पाउंड. बुडालेल्या भुईभाड्याचे साधारण १,४०० धरा. एकूण ७,२००च्या आसपास.

आता तोच फ्लॅट, पण ७५ वर्षं उरलेला. पहिल्या दोन रकमा मिळून होतात ९,१००च्या आसपास. पण इथे तिसरी रक्कम येते, तिचं नाव 'मॅरेज व्हॅल्यू'. म्हणजे काय, तर कमी मुदतीचा फ्लॅट बाजारात स्वस्त असतो, समजा २ लाख ७५ हजार. मुदत वाढली की तो ३ लाखांचा होतो. मालकाचा हक्क आणि तुमचा हक्क एकत्र आल्याने, त्यांचं 'लग्न' लागल्याने, जी जादा किंमत तयार झाली तिचा अर्धा वाटा मालकाला द्यायचा. आपल्या उदाहरणात तो ७,९००च्या आसपास जातो. एकूण १७,००० पाउंड. दुपटीहून जास्त!

२००२च्या कायद्याने सीमारेषा आखली ती ८० वर्षांची. ८०पेक्षा जास्त उरली असतील तर हा वाटा शून्य. खाली गेलात की लागू. मला या नावाची नेहमी गंमत वाटते. लंडनच्या सगळ्यात श्रीमंत इस्टेटीची सुरुवात एका लग्नातून झाली, आणि सव्वातीनशे वर्षांनी सामान्य फ्लॅटवाला मालकाला जे देतोय त्याचंही नाव लग्नावरूनच. याला हुंडा म्हणायचं की काय, ते तुम्ही ठरवा.

घर आपलं की नाही?

थोडं स्वतःचं सांगतो. २०११ साली आम्ही वायव्य लंडनमध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला तेव्हा लीजची ८४ वर्षं उरली होती. आईला फोनवर हे सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अरे, म्हणजे घर आपलं की नाही?" तिचं आयुष्य गेलं गिरगावातल्या पागडीच्या खोलीत. त्यामुळे 'आपलं पण आपलं नाही' ही भानगड तिला खरं तर माझ्यापेक्षा चांगली कळत होती. तिची चिंता एवढीच होती की नातवंडांना काय राहणार.

तेव्हा नियम होता की फ्लॅट दोन वर्षं नावावर असल्याशिवाय कायदेशीर हक्क वापरता यायचा नाही. दोन वर्षं झाली त्या महिन्यात आम्ही सर्व्हेयर नेमला आणि सॉलिसिटरमार्फत कलम ४२ची नोटीस पाठवली. मालक कंपनीला उत्तर द्यायला किमान दोन महिने द्यावे लागतात. अगदी शेवटच्या आठवड्यात उत्तर आलं, आमच्या आकड्याच्या जवळपास दुप्पट. मग दोन्ही बाजूंच्या सर्व्हेयरांची पत्रापत्री. शेवटी मधल्या कुठल्याशा रकमेवर तडजोड झाली. कायद्याप्रमाणे मालकाच्या वकिलाची आणि मूल्यांकनाची फीसुद्धा आम्हीच भरली. आमच्याविरुद्ध भांडायला आलेल्या माणसाचं बिल आपण चुकतं करायचं, हे पचायला जरा जड गेलं. पण करारावर १७२ वर्षं लिहून आली आणि भुईभाड्याच्या जागी तो मिरीचा दाणा. आईला सांगितलं, "आता पणतवंडांपर्यंत काळजी नाही." त्यावर ती म्हणाली, "पण दाणा मागायला आले तर डब्यात ठेव हो."

आणि आता

गेल्या काही वर्षांत हालचाल वेगाने झाली. २०१७च्या सुमाराला नवीन घरांच्या करारांत दर दहा वर्षांनी दुप्पट होणाऱ्या भुईभाड्याची प्रकरणं बाहेर आली, अशी घरं कोणी विकत घेईना, आणि देशभर गदारोळ झाला. २०२२च्या कायद्याने बहुतेक नव्या लांब लीजवर भुईभाडं घ्यायलाच बंदी घातली. तिथेही मिरीचा दाणाच. मग मे २०२४मध्ये, निवडणूक जाहीर झाल्यावर घाईघाईत, आणखी एक कायदा मंजूर झाला : मुदतीत ९०ऐवजी थेट ९९० वर्षांची वाढ, आणि मॅरेज व्हॅल्यू रद्द. दोन वर्षं थांबण्याची अट ३१ जानेवारी २०२५ला गेलीसुद्धा. पण ९९० वर्षं आणि मॅरेज व्हॅल्यूची कलमं, हे बोलतोय तोवर, अंमलात आलेली नाहीत. जमीनमालक पुन्हा न्यायालयात गेले, युक्तिवाद तोच, मालमत्तेचा मानवी हक्क. ऑक्टोबर २०२५मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली.

मुंबईकरांना वाटेल, हे परदेशातलं प्रकरण. तसं नाही. १८९६च्या प्लेगनंतर इंग्रजांनी १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला आणि नव्या वस्त्यांतले भूखंड लांब मुदतीच्या पट्ट्याने दिले. पद्धत लंडनच्याच ओळखीची. महापालिकेच्या, बंदराच्या, कलेक्टरच्या जमिनींवरच्या अनेक सोसायट्या आजही पट्ट्यावर उभ्या आहेत. फरक इतकाच की आपल्याकडे मुदत सोसायटीच्या दारात संपते आणि तिथे एकेकट्या फ्लॅटच्या. आपल्या सोसायटीची जमीन कोणाची आणि कोणत्या सालापर्यंत, हे पुढच्या सर्वसाधारण सभेत विचारून बघा. किती जणांना उत्तर माहीत असतं ते मला जरूर कळवा.

आणि लंडनमधल्या मंडळींना एकच सांगणं. फ्लॅट बघायला जाल तेव्हा स्वयंपाकघर आणि बागेच्या आधी एजंटला विचारा, किती वर्षं उरलीत? ८२, ८१ असं उत्तर आलं तर नव्या कायद्याची वाट बघायची की जुन्या कायद्याने लगेच मुदत वाढवायची, हा हिशोब सर्व्हेयरकडून करून घ्या. कायदा कधी लागू होईल ते मंत्री ठरवतील. तुमच्या लीजचं एक वर्ष मात्र दर वर्षी ठरल्या तारखेला कमी होतच राहणार आहे.

आज इथेच थांबू. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.